मॅश: तिसरा सीझन की चौथा?

कोरियन युद्धातल्या ४०७७ व्या फिरत्या लष्करी इस्पितळाची ही अमेरिकी टीव्ही मालिका १९७२ ते १९८३ अशी अकरा सीझन चालली. सगळी बघायला सवड नसेल, तर निवड तिसऱ्या आणि चौथ्या सीझनमध्येच करावी.

तिसऱ्यात (१९७४-७५) हॉकआय आणि ट्रॅपर या दोघा सर्जनांचा दंगा भरात आहे आणि इस्पितळाचा प्रमुख कर्नल हेन्री ब्लेक तो थोपवता थोपवता मेटाकुटीला आलेला. विनोद इथे जास्त, आणि तो मोकळाही. म्हणूनच शेवटचा भाग जिव्हारी लागतो. घरी निघालेल्या हेन्रीचं विमान पाडलं गेल्याची बातमी इस्पितळाचा कारकून रडार शस्त्रक्रिया चालू असताना येऊन सांगतो, आणि हात थांबवायची कुणालाच मुभा नसते.

चौथ्यात (१९७५-७६) हेन्री आणि ट्रॅपर नाहीत. आलेत नवा सर्जन बी. जे. हनिकट आणि नवा प्रमुख कर्नल पॉटर. हॅरी मॉर्गनचा पॉटर मला हेन्रीहून सरस वाटतो: मुरलेला फौजी, कडक, तरी मायाळू. बायको-मुलीच्या आठवणीने झुरणारा बी. जे. आल्यावर हॉकआयसुद्धा थोडा शांत होतो.

शेवटचा भाग कृष्णधवल, बातमीदाराने घेतलेल्या मुलाखतींचा. कडाक्याच्या थंडीत जखमेतून निघणाऱ्या वाफेवर डॉक्टर हात शेकतात, हे इस्पितळाचा पाद्री फादर मल्केही सांगतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

मी चौथा निवडेन. पण तिसऱ्याचा शेवटचा भाग आधी बघा; हेन्रीला निरोप दिल्याशिवाय पॉटरला भेटू नये.