इंदूरच्या जेल रोडवर जुन्या टेपा संगणकाच्या फाइलींत उतरवून देणारं दुकान: माझा अनुभव

एकोणीस स्पूल, म्हणजे ध्वनिफितीची मोठी रिळं, आणि साठेक कॅसेटी लोखंडी पेटीत पडून होत्या. आधी मालवा हाउसमध्ये, म्हणजे आकाशवाणी इंदूरला निवेदिका, मग एका हिंदी दैनिकात बातमीदार, शेवटची चौदा वर्षं पीथमपूरच्या कारखान्यात जनसंपर्क अधिकारी; त्या सगळ्याचा हा ऐवज. नात म्हणाली, आजी, लावून दाखव ना. लावणार कशावर?

दुकान जेल रोडला दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही, गुडघे दुखत असतील तर पेटी वर न्यायला कुणीतरी सोबत न्या. चालवतो तो मुलगा रामबागेतला, मराठी. पहिलंच रीळ त्यानं उजेडासमोर धरलं. कडेनं आरपार उजेड दिसला तर टेप ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची, नाही तर पॉलिएस्टरची. तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. पॉलिएस्टरच्या दोन टेपा चिकट झाल्या होत्या. "काकू, या आज लावल्या तर वरचा थर खरवडून निघेल," म्हणाला आणि मशीनवर चढवायला चक्क नकार दिला. पन्नासेक अंशांवर आठ तास मंद शेकून मगच उतरवल्या. ॲसिटेटची टेप मात्र कधीच शेकायची नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

आता मुख्य गोष्ट. १९८७ साली इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलच्या फाटकाशी एका कामगाराची मुलाखत घेतली होती, साध्या कॅसेट रेकॉर्डरवर. मी पगाराचं विचारलं आणि नेमका तेव्हाच पाळीचा भोंगा झाला. तो गृहस्थ थांबला, भोंगा संपू दिला, मग "हां, तर बाई" म्हणून सगळं नीट सांगितलं. दुकानातून आलेल्या पहिल्या फाइलमध्ये खरखर गेली होती, आवाज काचेसारखा स्वच्छ. पण भोंगाही पुसला गेला होता. ऐकणाऱ्याला वाटावं, पगाराचं विचारताच हा माणूस गडबडला, त्याला उत्तर सुचेना. त्या माणसावर हा केवढा अन्याय! मिल १९९१ मध्ये बंद पडली, तो भोंगा आता कुठून आणायचा?

मी तडक परत गेले. मुलानं वाद घातला नाही. हेडफोन लावून दोन्ही ऐकलं, गप्प बसला आणि सगळ्या मुलाखती जादा पैसे न घेता पुन्हा उतरवल्या, काहीही न पुसता, २४ बिट ९६ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये, म्हणजे आवाज न दाबता, बारीकसारीक तपशिलासह. एका चॅनेलच्या तासाभराला साधारण एक जीबी जागा लागते, म्हणून मोठी हार्डडिस्क न्या. कारखान्यातल्या समारंभांची भाषणं मी एमपी३ मध्येच घेतली, त्यांना तेवढं पुरे.

उणिवा आहेत. तीन आठवडे सांगून पाच लावले. फाइलींना नुसते आकडे दिले; डब्यांवरच्या माझ्या चिठ्ठ्यांवर तारीख, ठिकाण, माणूस सगळं लिहिलेलं होतं, ते कुणी उतरवून घेतलं नाही. तीन रात्री बसून मी नावं घातली.

तरी मी उरलेली सात स्पूल त्यालाच देणार आहे. तुम्ही गेलात तर आवाज साफ करू नको, असं पावतीवरच लिहून घ्या.