पाच नंबरचा रबरी फुटबॉल : काळ्या मातीवर टिकतो, पेनल्टीला फसवतो

सप्टेंबर २०२५ मध्ये कोलंबोत सॅफच्या (दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाच्या) १७ वर्षांखालील स्पर्धेची फायनल भारताने बांगलादेशाला पेनल्टीवर ४-१ असं हरवून जिंकली. त्याआधी मे महिन्यात अरुणाचलातल्या युपियाला १९ वर्षांखालच्या पोरांनीही बांगलादेशालाच पेनल्टीवर ४-३ ने नमवलं होतं. असे सामने मोबाइलवर पाहिले की तालुक्याच्या दुकानात पोरं एकच मागतात : तसाच चकचकीत बॉल द्या. गावच्या मैदानासाठी तो घेऊ नका. रोजच्या खेळाला ३२ तुकड्यांचा रबरी मोल्डेड, म्हणजे न शिवता साच्यात घडवलेला बॉलच बरा. साधारण पाचशे रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. फक्त त्याच्या खोडी माहीत हव्यात.

आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि भेगांच्या कडा वाळून विटेसारख्या होतात. शिवलेल्या बॉलचा दोरा त्या कडांवर घासून तुटतो, शिवण उसवते आणि ब्लॅडर, म्हणजे आतली हवेची पिशवी, बाहेर डोकावायला लागतं. मोल्डेड बॉलला बाहेर दोराच नसतो. सराटे त्याच्या कातडीत रुततात, पण बहुतेक वेळा आरपार जात नाहीत. बाभळीच्या लांब काट्यापुढे मात्र कोणाचंच चालत नाही. पावसाळ्यात तो पाणी पीत नाही, हा मोठा फायदा. चिखल खाचांत बसतो; तो ओला असतानाच धुवा, वाळला की खरवडावा लागतो.

घेताना छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. पाच नंबरचा घेर ६८ ते ७० सेंमी आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम हवं. शिंप्याची टेप आणि किराण्याचा काटा पुरे. नंतर बॉल सपाट फरशीवर सोडून घरंगळू द्या. डुलत गेला तर साचाच वाकडा आहे, परत ठेवा. ‘लहान पोरं आहेत’ म्हणून दुकानदार चार नंबरचा पुढे करतो. तो बारा वर्षांपर्यंत ठीक. १७ वर्षांखालचे सामने पाच नंबरनेच होतात.

बॉल सर्वांत जास्त मरतो तो हवा भरताना. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर मोटरसायकलच्या टायरसाठी असतो, तिथे २५-३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सहज जातात. बॉलला नियमाने साडेआठ ते साडेपंधरा पीएसआयची मुभा आहे. आपल्या कडक मैदानावर नऊ-दहा पुरे. जास्त भरला की हेडिंग करणाऱ्या पोराचं कपाळ शेकतं, आणि मग तो चेंडू आला की मान खाली घालतो. हातपंप आणि साधा गेज घ्या. सुईला ग्लिसरीनचा थेंब लावून सरळ आत घाला. कोरडी सुई तिरपी खुपसली की व्हॉल्व्हचं रबर फाटतं आणि मग रोज सकाळी बॉल बसलेला.

उन्हाचंही तसंच. सकाळी ३० अंशांत बारा पीएसआय भरलेला बॉल पत्र्याच्या खोलीत ६० अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब साडेचौदाच्या पुढे जातो. ब्लॅडरवरची नायलॉनच्या दोऱ्याची गुंडाळी एका जागी तुटली की तिथे टेंगूळ येतं. टेंगूळ आलेला बॉल दुरुस्त होत नाही, कारण ब्लॅडर आणि बाहेरचं रबर एकजीव झालेलं असतं. शिवलेल्याची शिवण उसवून ब्लॅडर बदलता येतं, एवढा मोठेपणा त्याला द्यायलाच हवा.

आता पेनल्टी. रबरी बॉल कडक जमिनीवर जास्त उडतो आणि बुटावरून लवकर सुटतो. फिफाच्या वरच्या दर्जाचा बॉल दोन मीटरवरून पोलादी पाटावर सोडला तर १३५ ते १५५ सेंमी उसळला पाहिजे, अशी अट आहे. भिंतीवर खडूने खुणा करा आणि सिमेंटवर सोडून बघा. रबरी बॉल खूण ओलांडत असेल तर आधी थोडी हवा सोडा. रबरीवर वर्षभर पेनल्टी मारलेलं पोर सामन्यात पीयूचा (पॉलियुरेथेनच्या कातडीचा) बॉल आला की पायाचा अंदाज चुकतं. रबरीच्या हिशेबाने मारलेली किक गोलीच्या हातात जाऊन पडते. म्हणून आठ-दहा पोरांनी वर्गणी काढून हजार-दीड हजाराचा हाताने शिवलेला असा पीयूचा एक बॉल घ्यावा आणि तो पेनल्टी, फ्री किक, कॉर्नर व हेडिंगपुरताच वापरावा. जागा निवडावी शाळेच्या पटांगणातली मुरमाची किंवा गवताची, वावराकडची नाही. पेनल्टीचं अंतर ११ मीटर टेपने मोजा, पावलांनी नको. पोरांची पावलं गोलीला हरवायच्या हिशेबाने पडतात.

शिवलेला बॉल ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, थोडी हवा सोडून ठेवा आणि उंदरांपासून जपा.