निवारा केंद्र चांगलं आहे, पण मामांना रोज चालत यावं लागतं

कोल्हापुरात एका बागेच्या दारात माझा चहाचा गाडा आहे. लिंबाखालच्या बाकावर झोपणारे मामा रोजचा पहिला चहा माझ्याकडंच घेतात. 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी त्यांच्या भाड्याच्या खोलीत शिरलं आणि भिंत बसली. मालकानं खोली पुन्हा बांधली, पण भाडं दुप्पट केलं. तेव्हापासून मामा बागेत.

गेल्या महिन्यात एका रात्री बागेतल्या सगळ्यांना उठवलं. मामांची वळकटी ट्रॉलीत गेली. त्यात आधारकार्ड होतं आणि सीपीआरची, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याची, डोळ्याची चिठ्ठी. मी त्यांना रिक्षात बसवून बेघर निवारा केंद्रात नेलं.

जागा स्वच्छ आहे. लोखंडी खाट, धुतलेली चादर, रात्री आमटी-भात, आणि पैसे अजिबात नाहीत. तिथला पोरगा म्हणाला, "काका, आधी अंघोळ करून घ्या, पाणी तापलंय." मामा अर्धा तास बाहेर आले नाहीत. मी घाबरून दार वाजवलं, तर म्हणाले, "थांब गं पोरी, लई दिवसांनी गरम पाणी मिळालंय." त्या पोराला माझे पाचपैकी पाच.

नाव लिहिताना मात्र आधारकार्डावर अडलं. ज्याची वळकटीच उचलून नेली, तो कार्ड कुठून आणणार? मी तासभर तिथंच बसून राहिले, तेव्हा नाव घेतलं. फुगे विकणारं एक जोडपंही आमच्याबरोबर आलं होतं, कडेवर पोर. पुरुष एका खोलीत, बायका दुसऱ्या, असं सांगितल्यावर बाई तशीच मागं फिरली. कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर झोपतात आता. कुटुंबासाठी एक तरी खोली पाहिजेच.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमात एक लाख वस्तीमागं किमान शंभर माणसांचा निवारा सांगितला होता. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या घरात होतं. म्हणजे साडेपाचशे जागा. मी मोजल्या त्या खाटा चाळीसही भरल्या नाहीत. आणि केंद्र एका टोकाला. मामा गजरे विकतात, गिऱ्हाईक सगळं बागेपाशी. पहाटे तासभर चालत येतात, दिसतंय कमी, त्यात रस्ता ट्रकचा.

तरी ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर जावं. आणि वळकट्या कुठं ठेवल्यात हे कुणाला ठाऊक असेल तर गाड्यावर येऊन सांगा. मामांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख त्या चिठ्ठीवर आहे.