आठ महिने गिटचा ग्राफिकल क्लायंट वापरल्यावर

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. त्यात माउसने कमिट करणं, म्हणजे बदल नोंदवणं, मला कमीपणाचं वाटायचं, हे आधीच कबूल करतो. एका मर्जमध्ये, म्हणजे कामाच्या दोन शाखा (ब्रँच) जोडताना, पुरता अडकलो तेव्हा नाइलाजाने क्लायंट टाकला, तो आठ महिने झाले तरी मशीनवर आहे.

तो राहिला तो मुख्यतः स्टेजिंगमुळे, म्हणजे पुढच्या कमिटमध्ये काय जाणार ते निवडण्यामुळे. बग दुरुस्त करता करता मी शेजारच्या दोन व्हेरिएबलची नावं बदलतो, वर एखादी डीबगची प्रिंट तशीच विसरतो. टर्मिनलमध्ये 'गिट अ‍ॅड -पी'ने हे वेगळं करता येतं, पण बदललेल्या ओळी एकमेकींना चिकटून असतील तर 'एस' दाबून हंक (बदललेल्या ओळींचा गठ्ठा) फुटत नाही. मग 'ई' दाबून पॅच (त्या बदलांचा मजकूर) हाताने सुधारायचा, आणि त्यात एखादं अधिक-उणे चुकलं की पॅच लागतच नाही. क्लायंटमध्ये हव्या त्या ओळी निवडायच्या आणि स्टेज करायच्या. माझे कमिट लहान झाले, रिव्ह्यू करणाऱ्यांची कुरकुरही कमी झाली.

ब्रँचचा आलेख छान दिसतो. चार दिवसांनी नवलाई संपते.

तिसऱ्या महिन्यात मात्र दणका बसला. 'स्टेज'च्या खालीच 'डिस्कार्ड', म्हणजे बदल टाकून द्यायचं बटण, होतं, हात घसरला, आणि आलेल्या खिडकीत मी सवयीने 'हो' म्हणून मोकळा! रिफ्लॉगमध्ये, म्हणजे ब्रँच कुठून कुठे सरकली त्या नोंदीत, शोधण्यात अर्थ नव्हता; कमिटच न झालेलं तिथे कुठून येणार? निदान एकदा स्टेज केलं असतं तर 'गिट एफएससीके'ने (गिटमध्ये सुटे राहिलेले तुकडे दाखवणारी कमांड) काही हाती लागलं असतं. एक फाइल एडिटरमध्ये उघडी होती, ती अनडू करून वाचवली. दुसरी पुन्हा लिहिली.

'सिंक'च्या बटणाशीही माझं जमलं नाही. ते पुल (सर्व्हरवरचे बदल आणणं) आणि पुश (आपले पाठवणं) एका दमात करतं, त्यामुळे इतिहासात न मागितलेले मर्ज कमिट दिसू लागले. कॉन्फिगमध्ये 'पुल.रीबेस' चालू केल्यावर, म्हणजे मर्जऐवजी आपले कमिट आलेल्या बदलांच्या पुढे रचायला सांगितल्यावर, ते थांबलं. हे कळलं क्लायंटच्या कमांड लॉगमुळे. पडद्यामागे नेमकं काय चालवलं ते तिथे दिसतं. असा लॉग नसलेला क्लायंट मी तरी घेणार नाही.

बायसेक्टसाठी, म्हणजे इतिहास अर्धा-अर्धा करत बग कुठून आला ते शोधायला, अजून टर्मिनलच उघडतो. हजारेक कमिटमधून बिघडलेला कमिट दहाएक पायऱ्यांत सापडतो, आणि 'बायसेक्ट रन'ला टेस्टची स्क्रिप्ट दिली की आपण चहाला मोकळे.

पैसे भरायच्या आधी 'गिट गुई' आणि 'गिटके' उघडून बघा. दोन्ही गिटच्याच घरातले आहेत, काही लिनक्सवर वेगळं पॅकेज टाकावं लागतं इतकंच. दिसायला जुनाट, पण एकेक ओळ स्टेज करणं 'गिट गुई'तही जमतं.