फॅनआर्ट, थिअरी, एयू कुठे टाकायचं? एओथ्रीचा माझा अनुभव

चार वर्षं झाली मला आर्काइव्ह ऑफ अवर ओन, म्हणजे आपलं एओथ्री (चाहत्यांनी आवडत्या कथा-पात्रांवर केलेल्या गोष्टी वगैरे ठेवायची साइट) वापरून, आणि परवा एका मैत्रिणीने विचारलं की चित्रं, थिअऱ्या, एयू (म्हणजे अल्टरनेट युनिव्हर्स, तीच पात्रं पण वेगळ्या जगात) सगळं एकाच ठिकाणी टाकायचं तर इथे टाकू का, म्हणून सविस्तर लिहितेय. लिहिणाऱ्यांनी बिनधास्त या. चित्र काढणाऱ्यांनी आधी पुढचं वाचा.

आधी मी सगळं एका फोटोवाल्या ॲपवर टाकायचे. एका एयूची तेवीस चित्रं होती, युद्ध झालंच नाही अशा जगात दोन शत्रू शेजारी राहतात आणि भिंतीवरून भांडतात असं काहीतरी, आणि त्यातलं एक चित्र कोणीतरी माझी सही कापून स्वतःच्या नावावर टाकलं. तक्रार केली तर ठरलेलं उत्तर आलं आणि पुढे काहीच नाही. खूप रडले होते तेव्हा. आणि चोरी नाही झाली तरी तिकडे दोन दिवसांनी चित्र फीडमध्ये गाडलं जातं, मुद्दाम शोधलं तरी सापडत नाही.

एओथ्रीवर सापडतं! कारण टॅग. तुम्ही पात्राचं नाव कसंही लिहा, टोपणनाव लिहा, स्पेलिंग वेगळं लिहा, मागे बसलेले स्वयंसेवक ते एका मुख्य टॅगला जोडून देतात, त्यांना टॅग रँगलर म्हणतात आणि हे हाताने करतात, पगार नाही काही नाही. मग वाचणारी व्यक्ती कॅनन डायव्हर्जन्स (मूळ कथेपासून मध्येच वेगळी वाट धरणारी गोष्ट) निवडते, नको ते टॅग वगळते, शब्दसंख्या टाकते, फक्त पूर्ण झालेलं मागते, आणि पाच वर्षांपूर्वीची गोष्टसुद्धा समोर येते. तुम्हाला काय दाखवायचं ते ठरवणारा अल्गोरिदम नाहीच. रेटिंग आणि वॉर्निंगही आधीच दिसतात त्यामुळे नको ते अंगावर येत नाही.

आणि इन्स्पायर्ड बाय! माझ्या भिंतीच्या चित्रावरून एकीने बारा हजार शब्दांची गोष्ट लिहिली आणि माझं चित्र त्याला जोडलं, मी मंजूर केल्यावर माझ्या पानावरही तिची लिंक दिसायला लागली. कोणाची कल्पना कुठून आली हे असं उघड लिहिलेलं राहतं, मला चोरीच्या अनुभवानंतर याचं किती वाटलं ते सांगता येणार नाही.

थिअरीचं म्हणाल तर नीट मांडलेला लेख चालतो, मेटा म्हणून टॅग करायचा. पण "कोणीतरी हे लिहा ना" अशी फर्माईश किंवा "ती गोष्ट कोणती होती" असली शोधाशोध नियमात बसत नाही, पोस्ट काढून टाकतात. नुसती आयडिया सुचली असेल तर निदान छोटी गोष्ट तरी करा तिची. कमिशनच्या किंवा टीपच्या लिंकाही टाकायच्या नाहीत, पैसे कमवायची जागा नाही ही.

आता चित्रवाल्यांसाठी महत्त्वाचं. एओथ्री चित्र स्वतःकडे ठेवत नाही. फाइल दुसरीकडे चढवायची आणि तिची थेट लिंक इथे चिकटवायची, म्हणजे तिकडची जागा बंद पडली की इकडे रिकामी चौकट. माझं तेच झालं, ज्या होस्टिंग साइटवर ठेवली होती तिने जुनी खाती पुसली आणि तेवीसच्या तेवीस चित्रं एका रात्रीत गायब. कमेंट आणि कुडोस (इथले लाइक) मात्र जागच्या जागी. मूळ फाइली घरी जपून ठेवा, प्लीज. ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णनही लिहा, चित्र गेलं तरी काय होतं ते निदान कळतं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना तर लागतंच.

खातं लगेच मिळत नाही, ईमेल देऊन रांगेत थांबावं लागतं. वाचायला खातं लागत नाही, फक्त काही लेखक खातेवाल्यांपुरतं ठेवतात. जाहिराती शून्य, सगळं देणग्यांवर. 2007 मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था 2009 पासून हे चालवतेय, 2019 ला ह्यूगो हा विज्ञानकथा-फँटसीतला मानाचा पुरस्कारसुद्धा मिळाला. फॅन लोकांनी फॅन लोकांसाठी केलेल्या कामाला ह्यूगो, अजूनही भरून येतं मला!

लिहिण्यासाठी पाचपैकी पाच, चित्रांसाठी तीन. मी तरी सोडत नाहीये, चौदा चित्रं परत जोडून झाली, नऊ राहिलीत.