दादरचे पोर्तुगीज चर्च : बसथांब्याच्या नावामागची वास्तू

दादर पश्चिमेला गोखले रस्त्यावरून जाणाऱ्या बसमध्ये वाहकाने 'पोर्तुगीज चर्च' असा पुकारा केला की बरेच प्रवासी उतरतात, पण त्यांतल्या फार थोड्यांची पावले प्रत्यक्ष चर्चकडे वळतात. वर्षानुवर्षे मीही त्याच गर्दीत होतो. नावामुळे जाड चुनेगच्ची भिंती, दोन मनोरे आणि कोरीव लाकडी वेदी असे एक चित्र मनात पक्के बसले होते. समोरच्या काँक्रीटच्या आकारांशी ते जुळत नसल्याने जुने चर्च आता उरले नाही, असे समजून मी पुढे जात राहिलो. अखेर मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, नसलेल्या वेळी आत जाऊन निवांत बसलो, तेव्हा ही समजूत अर्धीच खरी असल्याचे ध्यानात आले.

या धर्मग्रामाची, म्हणजे चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती समुदायाची, स्थापना फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी 1596 मध्ये केली. चर्चचे अधिकृत नाव 'अवर लेडी ऑफ साल्वेशन', म्हणजे तारणाची माता. पोर्तुगीज 'साल्वासांव' हा शब्दही अजून वापरात आहे. इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगीज राजकन्या यांच्या 1661 च्या विवाहकराराने मुंबई इंग्रजांना देण्याचे ठरले आणि 1665 मध्ये ताबाही गेला, म्हणजे स्थापनेनंतर पोर्तुगीज अंमल इथे जेमतेम 69 वर्षे टिकला. तरी साडेतीनशे वर्षांनंतरही लोक या जागेला त्यांच्याच नावाने ओळखतात. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्याने दादर-माटुंग्याला आखीव रस्त्यांचे उपनगर वसवले. त्या वेळी हा धर्मग्राम तीनशे वर्षांचा होता. उपनगर चर्चभोवती आले, चर्च उपनगरात आले नाही, हे लक्षात ठेवले की या वास्तूकडे पाहण्याची नजरच बदलते.

आजची इमारत मात्र 1974 ते 1977 या काळातली असून तिचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआ आहेत. साबरमतीच्या गांधी स्मारक संग्रहालयात त्यांनी छपराखालच्या आणि उघड्या जागा जशा एकमेकींत गुंफल्या, त्याच विचाराचे वेगळे रूप इथे दिसते. एकच लांबलचक सभागृह आणि टोकाला वेदी अशी मांडणी त्यांनी टाळली. ख्रिस्ताचा बाप्तिस्मा, लोकांमधले त्याचे कार्य आणि मृत्यू व पुनरुत्थान या जीवनक्रमावर त्यांनी आच्छादित जागा आणि मोकळे चौक यांची मालिका बेतली. कॅथलिक चर्चच्या 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत भाविकांचा प्रत्यक्ष सहभाग महत्त्वाचा ठरला आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करू लागले. ही इमारत त्या बदलानंतर अवघ्या दशकभरात उभी राहिली आणि तिची मोकळी मांडणी त्या काळाला शोभणारी आहे.

माझ्या मते या वास्तूचे खरे वैभव तिच्या छपरात आहे. आच्छादित जागांवर काँक्रीटची उंच, वर निमुळती होत जाणारी कवचे आहेत. बाहेरून ती नुसती शिल्पासारखी वाटतात, पण त्यांचे काम धुराड्याचे आहे. आतली तापलेली हवा वर चढून शेंड्यातून निघून जाते आणि तिची जागा घ्यायला चौकांतली थंड हवा आत ओढली जाते. वाड्याच्या चौकाने घर कसे गार राहते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. कवचाखाली उभे राहून मान वर केली की खालचा सावळा काळोख हळूहळू विरळ होत शेंड्याकडे उजळत गेलेला दिसतो, आणि चौकाकडून आलेली झुळूक पोटऱ्यांना लागून जाते. उजेड आत घेणाऱ्या काचेवर मकबूल फिदा हुसेन यांनी केलेले चित्रकाम आहे. ते पाहण्यासाठी दिवसाउजेडीच जावे.

उणिवाही सांगायला हव्यात. रस्त्यावरून पाहताना ही वास्तू स्वतःची ओळख देत नाही. कवचे सुटी सुटी दिसतात आणि आतल्या क्रमाचा अंदाज येत नाही, त्यामुळे नवखा माणूस बाहेरूनच परततो. चौक उघडे ठेवायचे म्हटले की वाऱ्यासोबत रहदारीचा आवाजही येणार, आणि 1977 पेक्षा आजचे दादर कितीतरी गजबजलेले आहे. शिवाय नव्या रचनेने जुन्या आकाराशी दुवा फारसा ठेवला नाही, याची रुखरुख मला लागून राहते. तरीही खोटे मनोरे आणि नकली नक्षी लावून पोर्तुगीजपणाचा देखावा उभा करण्यापेक्षा हा मार्ग अधिक प्रामाणिक होता, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

ही प्रार्थनेची जागा आहे, त्यामुळे मिस्साच्या वेळी फिरू नये आणि छायाचित्रे घेण्याआधी परवानगी विचारावी. आत गेल्यावर थेट वेदीपुढे न जाता आधी एखाद्या चौकाच्या कडेला पाच मिनिटे बसावे. डोळे सावलीला सरावल्यावरच कवचाच्या आतल्या बाजूवरून सरकणारा उजेड नीट दिसू लागतो.