तेरावा अंक आणि एक बंद खोली : ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’, खंड दुसरा

छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ या अमेरिकी कॉमिक्स मालिकेचा दुसरा खंड हाती आला, तेव्हा त्यातील एका पानाचा कोपरा आधीच्या वाचकाने दुमडून ठेवलेला होता. ते तेराव्या अंकाचे पहिले पान होते, आणि हा खंड का विकत घ्यावा याचे उत्तरही तिथेच आहे.

ब्रायन मायकेल बेंडिस यांनी लिहिलेली आणि मार्क बॅगली यांनी चित्रित केलेली ही मालिका २००० साली सुरू झाली. १९६२ साली जन्मलेल्या स्पायडर-मॅनला तिने पुन्हा पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा केले आणि त्याची गोष्ट नव्या काळात नव्याने सांगितली. या खंडात आठ ते तेरा हे अंक आहेत. त्यांतील पहिल्या पाच अंकांत पीटर पार्करला, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडर-मॅनला, वर्तमानपत्राच्या कचेरीत काम मिळते, किंगपिन या गुंडाशी त्याची गाठ पडते, पहिल्या झटापटीत तो सपशेल हरतो आणि दुसऱ्यांदा तयारीने जातो. हा भाग वेगवान आहे. मात्र किंगपिनच्या लठ्ठपणावरचे विनोद इतके लांबवले आहेत की ते वाचताना मला कंटाळा आला.

तेराव्या अंकात मारामारी नाही. पीटर मेरी जेनला घरी बोलावतो आणि आपणच स्पायडर-मॅन असल्याचे सांगतो. बहुतेक सगळा अंक त्याच्या खोलीत दोघांच्या बोलण्यावर उभा आहे. ती वर्गातील अभ्यासू मुलगी आहे. तिचा आधी विश्वास बसत नाही, मग ती हरखून जाते, आणि त्याच्या खांद्यावरचे ओझे हलके झाल्याचे बॅगली केवळ चेहऱ्यांतून दाखवतात. लहान लहान चौकटींत तेच दोन चेहरे पुन्हा पुन्हा येतात. अर्धवट तुटलेले वाक्य, खाली वळलेली नजर, मध्येच आलेले हसू, असे सगळे तिथे आहे. पीटरला सांभाळणाऱ्या मे काकू मध्ये मध्ये येऊन डोकावतात, कारण त्यांच्या लेखी आत एक मुलगा आणि एक मुलगी आहे एवढेच खरे. वाचकाला मात्र ठाऊक असते की त्या खोलीत याहून फार मोठी गोष्ट चालली आहे.

सुपरहिरोंच्या प्रेमकथांत गुपित हेच खरे खलपात्र असते, असे मला अनेक वर्षांपासून वाटते. मूळ मालिकेत पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी १९७३ साली मरते, तीही पीटरचे रहस्य न कळताच. १९६६ साली पहिल्यांदा समोर आलेली मेरी जेन आपल्याला सगळे ठाऊक असल्याचे १९८४ साली बोलून दाखवते, आणि त्यांचे लग्न १९८७ साली होते. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या आमच्या पिढीने वेताळ (मूळचा ‘फँटम’) आणि त्याची प्रेयसी डायना यांच्या लग्नाचीही अशीच वाट पाहिली. १९३६ साली सुरू झालेल्या त्या चित्रकथेत लग्नाला १९७७ साल उजाडले. बेंडिस यांनी मात्र ही कोंडी तेराव्याच अंकात फोडली. त्यामुळे पुढच्या कथेत मेरी जेनला काय कळेल ही भीती उरत नाही; तिला कळले असल्यामुळे तिच्यावर जे येईल, त्याची भीती सुरू होते, आणि ती कितीतरी अधिक खरी आहे.

मी लातूरला राहते. माझी भाची अहमदपूरहून अकरावीसाठी आमच्याकडे आली आहे आणि तिचा दिवस कॉलेज व ट्यूशन यांत संपतो. ट्यूशन एरियात मुलगा-मुलगी नोट्ससाठी दोन मिनिटे उभे राहिले, तरी येणारे-जाणारे वळून पाहतात. हा अंक वाचून तिने मला विचारले, “आत्या, ती काकू खरंच काही विचारायला येते, का नुसतं बघायला?” मी म्हटले, दोन्हीसाठी, आणि मग आम्ही तासभर त्याच विषयावर बोलत बसलो. तिच्याशी या विषयावर इतके सरळ बोलणे मला त्याआधी कधीच जमले नव्हते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे प्रेम या पुस्तकात थट्टेचा विषय होत नाही आणि त्याचा बाऊही केला जात नाही. ती मुले बावरतात, चुकीचा शब्द बोलतात, पण त्यांच्या भावनेचा मान लेखक शेवटपर्यंत राखतो.

एक उणीव मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. आपण सारे काही पीटरच्या बाजूने पाहतो. गुपित सांगून तो मोकळा होतो, पण ते सांभाळण्याचे काम त्या क्षणापासून मेरी जेनचेही होते, आणि तिला ते हवे होते का, हे या अंकात कुणी विचारत नाही. माझ्याजवळची प्रत इंग्रजी आहे आणि संवादांत न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांची बोली भरपूर आहे. भाचीला पहिली काही पाने जड गेली, नंतर चित्रांच्या आधाराने ती सुरळीत वाचू लागली. दहावीच्या पुढच्या मुलांना हा खंड निःशंक द्यावा, फक्त पहिला खंड आधी वाचलेला असावा. मेरी जेनची बाजू ज्यांना हवी आहे, त्यांनी शॉन मकीव्हर आणि ताकेशी मियाझावा यांची ‘स्पायडर-मॅन लव्ह्ज मेरी जेन’ ही २००५ साली सुरू झालेली वीस अंकांची मालिका शोधावी. तिथे कथेच्या केंद्रस्थानी तीच आहे, आणि स्पायडर-मॅन तिच्या आयुष्यात अधूनमधून येतो.